माश्यांच्या बाई

मुलींच्या शाळेतल्या नव्या बाईंना आप्पासाहेबांनी मळ्यावर बोलावून घेतलं, तेव्हा बन्सी दरंदले गोठ्यात एका खोंडाच्या खुरात रुतलेला खडा काढत बसला होता. सन चव्वेचाळीसचा माघ महिना. बेलापूरच्या शिवारात उसाची तोडणी जोरात चालू होती, आणि तोडणी संपेपर्यंत आप्पासाहेब गावातल्या घरी फिरकत नसत. शाळेच्या कमिटीचं कामसुद्धा ते गोठ्यापुढच्या बाजेवर बसूनच उरकत.

बन्सी मूळचा सोनईचा. सहा वर्षांपूर्वी सालगडी म्हणून आला आणि बेलापूरचाच होऊन गेला. शाळेत तो चौथीपर्यंत गेलेला. पण जनावरातलं त्याला जे कळे, ते पंचक्रोशीत कुणाला कळत नसे.

बाई आल्या त्या उन्हातून चालत. वय पंचविशीचं, पायात साध्या वहाणा, डोळ्यांवर जाड चष्मा. अंबिका देवचक्के त्यांचं नाव. वडील नृसिंहपंत कोल्हारला कचेरीत कारकून होते. एकुलत्या एका मुलीला त्यांनी पुण्याला पाठवून प्राणिशास्त्र शिकवलं. पुढे आणखी शिकायचं तिच्या मनात होतं, पण नृसिंहपंतांची नजर काचबिंदूनं गेली आणि ती परत आली. बापाला घेऊन बेलापुरात बिऱ्हाड केलं आणि शाळेत शिवण, गणित आणि आरोग्य शिकवू लागली. शिवण तिला फारसं येत नव्हतं, हेही गावाला आठ दिवसांत कळलं होतं.

"बाई," आप्पासाहेब म्हणाले, "आमच्या पोरींना तुमी माकडाच्या लेकी म्हनता, असं कानावर आलंय."

"तसं नाही म्हटलं मी," बाई म्हणाल्या. "माणूस आणि माकड लांबचे भाऊबंद आहेत, असं म्हटलं. आज्याचा आजा, त्याचा आजा, असं लाखो वर्षं मागं जात राहिलं, की दोघांचं घराणं एका ठिकाणी मिळतं."

"बरं, मिळू द्या. पन हे शिकून पोरी करनार काय? त्यानं का भाकरी फुगनार हाय?"

बन्सीला वाटलं, आता बाई गडबडतील, नाहीतर चिडतील. बाईंनी दोन्ही केलं नाही. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "आज नाही सांगता येणार. काही गोष्टी आधी कळून घ्याव्या लागतात, आप्पासाहेब. त्यांचा उपयोग कुठं होतो ते मागाहून दिसतं. कधी दिसतही नाही."

आप्पासाहेबांना असल्या उत्तराची सवय नव्हती. ते काही बोलायच्या आत बाईंचं लक्ष गोठ्याकडं गेलं. "ही खोंडं निवडली कुणी?" त्यांनी विचारलं.

बन्सीनं मालकाकडं पाहिलं. मालकानं मान हलवली, तसा तो म्हणाला, "मी जी. कारखान्याचा रस्ता खडीचा हाय. मऊ खुराचा बैल दोन खेपांत लंगडतो. म्हनून टनक खुराचा वळू राखायचा. मऊ खुराची खोंडं इकून टाकायची, त्यांची पैदास धरायची न्हाई. माझा बापबी सोनईला असंच करायचा."

"असं दहा-वीस वर्षं केलं तर?"

"सगळी दावन टनक खुराची."

"आता असं समजा, की निवडायला माणूसच नाही. नुसतं खडकाळ रान आहे आणि रानात वाघ आहे. लंगडणाऱ्या जनावराचं काय होईल?"

"वाघाच्या तोंडी जाईल, दुसरं काय!"

"आणि उरतील ती?"

"टनक खुराची. त्यांचीच वासरं…" बन्सी बोलता बोलता थांबला.

"मग तिथं निवड कुणी केली, बन्सीभाऊ?"

बन्सी हातातला खडा उलटासुलटा करत राहिला. मग म्हणाला, "कुनीच न्हाई. आन् निवड तर झाली."

"मी वर्गात एवढंच शिकवते," बाई आप्पासाहेबांना म्हणाल्या.

आप्पासाहेब मोठ्यानं हसले. माणूस करड्या आवाजाचा, पण मनानं आडमुठा नव्हता. "शिकवा," ते म्हणाले, "पन बेतानं." आणि तो विषय तिथं मिटला. बन्सीच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. आपण पिढीजात करत आलो त्या कामाला एवढा मोठा अर्थ असेल, हे त्याला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आणि सालगड्याला 'बन्सीभाऊ' म्हणणारी बाईही त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती.

मळ्यावरचं दूध गावात घरोघर घालायचं काम त्याच्याकडंच होतं. बाईंच्या घरी रोज अर्धा शेर दूध जाई. त्यातलं थोडं बाई एका वाटीत वेगळं काढत आणि त्यात गव्हाचा कोंडा कालवत. मांजर तर घरात दिसत नव्हतं. एक दिवस त्यानं विचारलंच. बाईंनी त्याला आत बोलावलं. भिंतीशी फळीवर कंदिलाच्या दहा-बारा काचा ओळीनं मांडलेल्या, दोन्ही तोंडांना मलमलीचे तुकडे बांधलेले, आणि आत माश्या. साध्या, घरात घोंगावतात त्याच माश्या.

"बाई, लोक हाकलतात आन् तुमी दूध पाजून पाळता?"

"ही बघा," बाईंनी एक काच उजेडात धरली. "हिचे पंख टोकाला वळलेत. वर्गात मुलींना अंडं, अळी, कोष दाखवायला माश्या वाढवल्या होत्या, त्यात ही निघाली. आता हिच्या पोरांचे पंख कसे निघतात, नातवंडांचे कसे, ते लिहून ठेवायचं. माशीची पिढी उन्हाळ्यात पंधरा दिवसांत उलटते. बैलांत जे बघायला जन्म जाईल, ते हिच्यात एका वर्षात दिसतं. फक्त बाहेरची एकही माशी आत मिसळता कामा नये."

ओसरीवर बसलेले नृसिंहपंत हसून म्हणाले, "बन्सी, आमच्याकडं स्थळं येतात हो, पण त्या फळीकडं नजर गेली, की चहा न घेताच उठतात."

बाईसुद्धा हसल्या. गावानं त्यांना 'माश्यांच्या बाई' म्हणायला सुरुवात केली होती, तेही त्यांना ठाऊक होतं. शाळा सुटली की त्या काचांपुढं बसत, भिंगातून पंख बघत आणि वहीत आकडे मांडत. वर्ष गेलं, दुसरं गेलं, वह्या वाढत गेल्या. त्यातून एक आणाही मिळायचा नव्हता आणि कुणी शाबासकी देणाराही नव्हता. बन्सी दूध घालता घालता घटकाभर थांबे आणि नवीन काय निघालं ते विचारून जाई.

पंचेचाळीस साली पाऊस उघडल्यावर कालव्याकाठच्या वस्त्यांत हिवताप आला. दरसाल येई, पण त्या साली फार आला. कालव्याचं पाणी पाझरून जागोजाग डबकी साठलेली, आणि लढाई संपली तरी क्विनाईन मिळता मिळत नव्हतं. बन्सीची सहा वर्षांची चांगुणा पाच दिवस थंडीनं कुडकुडली आणि सहाव्या दिवशी गेली. बायको मालनबाई तापातून उठली, ती पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढवून घेऊनच. बन्सी आठवडाभर मळ्यावर गेला नाही. मग कामाला लागला. पण पुष्कळ दिवस तो दुधाची चरवी बाईंच्या दारात ठेवून न बोलता निघून जाई, आणि बाईही त्याला थांबवत नसत.

सत्तेचाळीस साली कालव्याच्या गावांसाठी सरकारची हिवतापाची योजना आली. डीडीटी नावाची पांढरी पावडर पाण्यात कालवून पंपानं घराच्या भिंतींवर मारायची. भिंतीवर बसलेला डास मरतो, असं साहेब लोक सांगत. पंप मारायला माणसं हवी होती. बन्सीनं मळ्यावरचं साल सोडलं आणि त्या टोळीत नाव घातलं. आप्पासाहेब रागावले, पण कारण त्यांना ठाऊक होतं, म्हणून आडवे आले नाहीत.

बन्सीनं ते काम असं केलं, की टोळीतली माणसं त्याला वैतागली. पावडर मापानंच घ्यायची, पाणी फडक्यानं गाळूनच घालायचं, कोपरा सोडायचा नाही, देव्हाऱ्यामागची भिंतसुद्धा नाही. घर झालं, की दारावर गेरूनं तारीख घालायची. दुसऱ्या वर्षी त्यालाच मुकादम केलं.

पहिल्याच वर्षी बाईंच्या घरी टोळी गेली, तेव्हा मात्र खटका उडाला होता. बाईंनी सगळं घर मारून घेतलं, पण माश्यांच्या काचा त्यांनी आधीच परसातल्या पत्र्याच्या छपरीत हलवल्या होत्या, आणि छपरीला पंप लावू देईनात.

"बाई," बन्सीचा आवाज चढला, "माझी पोर गेलीय. मी एक भित सोडत न्हाई, आन् तुमी माश्यांपायी छपरी सोडा म्हनता?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "छपरीत माणूस झोपत नाही. दार बंद असतं, काचांना मलमल आहे. इथून कुणाला ताप होणार असता, तर मी स्वतः काचा फोडल्या असत्या. तीन वर्षांचं काम आहे, बन्सीभाऊ. एकदा मेल्या, की हे घराणं पुन्हा मिळायचं नाही."

बन्सीला ते पटलं नाही. पण बाई खोटं बोलत नाहीत एवढं त्याला माहीत होतं. छपरी राहिली.

त्या साली हिवताप निम्म्यानं उतरला, दुसऱ्या साली तर गावात बोटांवर मोजण्याइतकी माणसं आजारी पडली. डासांबरोबर माश्याही मेल्या. बाजारात हलवायाच्या दुकानी सकाळी केरसुणीनं माश्यांचे ढीग लोटावे लागत. लोकांना माश्या मेल्याचंच कौतुक जास्त. बायका वाटेत बन्सीला थांबवून म्हणत, "आमच्याकडं जरा दाट मारा हो!"

आणि एकोणपन्नास साली ते सगळं उलटलं.

आषाढात नेहमीप्रमाणं फवारणी झाली. पंधरा दिवसांत हलवायाच्या ताज्या पांढऱ्या भिंतीवर माश्या येऊन बसल्या आणि निवांत पाय चोळू लागल्या. श्रावणात तर ताटात घास दिसेना. डास मरत होते, ताप आला नव्हता. पण डास मेलेले दिसत नाहीत आणि माश्या दिसतात. बाजारात कुजबुज सुरू झाली, की मुकादम अस्सल पावडर बाहेर विकतो आणि ड्रममध्ये चुना भरतो. आठ दिवसांत कुजबुजीचा अर्ज झाला. नगरहून योजनेचे डॉक्टर हेमचंद्र ओगले चौकशीला आले. माणूस सरळ होता, पण कायद्याला धरून चालणारा. त्यांनी ड्रमला सील लावलं, पावडरीचा नमुना तपासणीला पाठवला आणि निकाल येईपर्यंत बन्सीचा पंप आणि बिल्ला काढून घेतला. निकालाला तीन-चार महिने लागतील, म्हणाले.

बन्सी घरात बसून राहिला. चोरीचा आळ त्याच्यावर जन्मात आला नव्हता. आणि आला तो या कामात! मालनबाईनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि तडक बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. बन्सी तिला परत आणायला मागोमाग धावला, तेव्हा ती ओसरीवर बोलतच होती.

"बाई, तुमी माश्यांतलं शिकलाव. तुमीच सांगा आता गावाला, ह्यो मानूस चुना भरंल का?"

"मालनबाई, त्यांच्यावर माझा भरवसा आहे," बाई म्हणाल्या. "पण माझ्या भरवशानं गावाचं तोंड बंद होणार नाही. दोनच गोष्टी होऊ शकतात. पावडर बदलली असेल, नाहीतर माश्या बदलल्या असतील."

"माश्या बदलल्या?" बन्सीनं उंबऱ्याबाहेरून विचारलं. "त्याच तर माश्या हायेत."

"तेच बघायचंय. महिनाभर माझ्याही मनात तेच घोळतंय. माझ्याकडं चव्वेचाळीस सालच्या माश्यांचं घराणं आहे. त्यांनी ही पावडर कधी पाहिलेलीच नाही. एकाच ड्रममधली पावडर त्यांना आणि बाजारातल्या माश्यांना सारखी लावली, की दोष कुणाचा ते आपोआप कळेल." मग मालनबाईकडं वळून त्या म्हणाल्या, "एक मात्र आधीच सांगते. पावडर खोटी निघाली, तर तेही मी सगळ्यांसमोर सांगेन."

मालनबाईचा चेहरा उतरला. बन्सी मात्र पहिल्यांदाच ताठ उभा राहिला. "सांगा," तो म्हणाला. "बिनधास सांगा."

बाईंनी डॉक्टरांना पत्र घातलं. डॉक्टरांना नवल वाटलं असावं. पुढच्याच रविवारी ते आले. शाळेच्या ओसरीवर आप्पासाहेब, हलवाई आणि गावातली बरीच मंडळी जमली. बाईंनी कंदिलाच्या आठ काचा मांडल्या. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सील फोडून पावडर कालवली, तीत टिपकागद बुडवले, वाळवले आणि सहा काचांत आतून बसवले. दोन काचांत नुसत्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद. मग बाई म्हणाल्या, "कुठल्या काचेत कुठल्या माश्या घालायच्या ते तुम्ही ठरवा आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. मी आत जाऊन बसते. मला माहीत असेल, तर माझे डोळे मला हवं तेच बघतील."

डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिले. वैद्यकीच्या साऱ्या शिक्षणात त्यांना असं सांगणारं कुणी भेटलं नसावं.

दर काचेत वीस माश्या. साडेनऊला सुरुवात झाली. पाव तास गेला, अर्धा तास गेला. सगळ्या काचांत माश्या सारख्याच फिरत होत्या. हलवाई हसून म्हणाला, "बघा, चुनाच हाय." बाई बाहेर आल्या होत्या आणि एका काचेपुढून दुसरीकडं, हातात पेन्सिल घेऊन, मोजत जात होत्या.

मग तिसऱ्या काचेतली एक माशी उताणी पडली. पाय थरथरवत गोल फिरू लागली. दुसरी पडली. पाचवीतल्या पडू लागल्या, सातवीतल्या पडू लागल्या. साडेदहाला बाईंनी आकडे वाचले: तीन, पाच आणि सात या काचांत साठांपैकी सत्तावन्न पडलेल्या, एक, दोन आणि सहा या काचांत साठांपैकी दोन, राहिलेल्या दोन काचांत एकही नाही.

डॉक्टरांनी खिशातला कागद काढला. तीन, पाच, सात या बाईंच्या जुन्या घराण्याच्या माश्या होत्या. एक, दोन, सहा या हलवायाच्या दुकानातल्या. राहिलेल्या दोन काचांत, साध्या कागदावर, एकीत जुन्या होत्या आणि एकीत बाजारातल्या.

तरीही डॉक्टरांनी नगरहून आणलेला न फोडलेला डबा काढला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुपारपर्यंत तेच उत्तर आलं. ते उठले, बन्सीपुढं गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुकादम, पावडर अस्सल आहे. तुमच्यावर आळ आला, त्याचं मला वाईट वाटतं." आणि त्यांनी पिशवीतला बिल्ला काढून त्याच्या हातात ठेवला.

मालनबाई खांबाआड उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"पण हे झालं कसं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माश्यांना औषधाची सवय झाली," डॉक्टर म्हणाले. "अफूची माणसाला होते तशी."

"नाही," बाई चटकन म्हणाल्या. एवढ्या वेळात त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला होता. "सवय नव्हे, डॉक्टर. कुठल्याही एका माशीला सवय झालेली नाही. सत्तेचाळीस साली हजारांत एखादी माशी जन्मतःच अशी असेल, की जिला ही पावडर बाधत नाही. बाकीच्या मेल्या. ती उरली, तिनं अंडी घातली. पुढच्या पिढीत तशा दहा झाल्या. पुन्हा फवारा, पुन्हा बाकीच्या मेल्या. दोन वर्षांत माश्यांच्या तीस-चाळीस पिढ्या होऊन गेल्या असतील."

कितपत कुणाला समजलं होतं कोण जाणे. बन्सी मात्र हातातल्या बिल्ल्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा पालटत चालला होता.

"म्हंजे बाई," तो हळूच म्हणाला, "मऊ खुराच्या मीच काढून टाकल्या. टनक तेवढ्या राखल्या. भित न भित मारली, एक कोपरा सोडला न्हाई… जितकं काम चोख, तितकी निवड चोख."

"हो," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या त्याच चोख कामानं दोन वर्षांत किती मुलं वाचली, तेही मोजा."

बन्सीनं मान फिरवली. आप्पासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

डॉक्टर संध्याकाळपर्यंत थांबले. बाईंच्या वह्या त्यांनी पानन् पान चाळल्या आणि विचारलं, "हे सगळं कशासाठी केलंत?"

"वळलेल्या पंखांसाठी," बाई म्हणाल्या.

पुढचा प्रश्न डॉक्टरांच्या ओठांवर आला तो त्यांनी विचारला नाही, कारण त्याचं उत्तर समोर काचांत पडलेलं होतं. बाईंनी मात्र स्वतःहून विचारलं, "माश्यांचं झालं ते उद्या डासांचं झालं तर?" डॉक्टरांनी चमकून मान वर केली. त्या दिवसापासून ठरलं, की बन्सीनं दर महिन्याला कालव्याकाठचे डास धरून आणायचे आणि बाईंनी ते काचेत पावडरीवर सोडून मोजायचे. डासांची पिल्लावळ कुठं वाढते तेही बन्सी शिकला. पाण्यावर आडवी तरंगणारी अळी हिवतापाच्या डासाची आणि डोकं खाली करून लोंबकळणारी दुसऱ्याची, हे तो आता चालता चालता ओळखे. डास मरत होते. तेवढ्यावर विसंबून न राहता त्यानं टोळी लावून पाझराची डबकी बुजवायला घेतली, आणि आप्पासाहेबांनी गोठ्याजवळचा उकिरडा हलवून खोल खड्ड्यात घातला, वर मातीचा थर दिला. मालकानं केलं म्हणून आणखी दहा घरांनी केलं.

पन्नास सालच्या माघात एक सरकारी पत्रक आलं. बेलापूरच्या प्रयोगाचा त्यात उल्लेख होता. बाईंचं नाव कुठंच नव्हतं. बन्सी ते पत्रक घेऊन तावातावानं बाईंच्या घरी आला. बाई वाचत गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बन्सीला वाटलं, नावाचंच लागलं.

"हे बघा काय लिहिलंय," बाई म्हणाल्या. "'माश्यांना औषधाची सवय झाल्याने मात्रा दुप्पट करावी.' दुप्पट! म्हणजे आणखी कडक निवड. दोन वर्षांनी दुप्पट मात्रेला न मरणाऱ्या माश्या होतील."

"पन तुमचं नाव…"

"नावाचं जाऊ द्या हो. शब्द चुकलाय, म्हणून उपाय चुकलाय."

त्या लगेच पत्र लिहायला बसल्या. सवयीची गोष्ट खोटी, याचा पुरावा त्यांच्याजवळ तयार होता. भाद्रपदात त्यांनी हलवायाच्या दुकानातल्या माश्या धरून काचेत वाढवल्या होत्या. त्यांच्या पोरांना, नातवंडांना पावडरीचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. आणि तरी त्या नातवंडांना पावडर लावली, तेव्हा ती मेली नाहीत. जिनं औषध पाहिलंच नाही, तिला सवय कुठून होणार? ते त्यांच्या रक्तातूनच आलेलं होतं. बाईंनी आकडे मांडले, उकिरडे झाकलेल्या अकरा घरांत माश्या किती आणि न झाकलेल्या घरांत किती, ते बन्सीनं मोजलेलं लिहिलं, आणि खाली आपली सही केली. मग टाक बन्सीपुढं धरला.

"मी?" बन्सी गडबडला.

"निम्मे आकडे तुमचे आहेत."

चौथीतल्या अक्षरानं त्यानं सावकाश नाव लिहिलं: बन्सी सहादेव दरंदले, मुकादम. सहादेव म्हणजे त्याचा बाप, टणक खुराचे वळू राखणारा.

डॉक्टर ओगल्यांनी ते पत्र वरपर्यंत नेलं. वर काय झालं ते बेलापूरला कधी समजलं नाही. पण पुढच्या फवारणीच्या वेळी त्यांच्या जिल्ह्याला जो हुकूम आला, त्यात मात्रा वाढवलेली नव्हती, आणि उकिरडे झाकण्याचं कलम पहिलं होतं. डॉक्टरांनी बाईंना पुण्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून द्यायची तयारी दाखवली. उन्हाळ्याच्या सुटीत त्या दीड महिना जाऊन आल्या, नृसिंहपंतांना सोबत नेलं, आणि जून उजाडताच परत शाळेत हजर झाल्या. आल्या त्या एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन. त्या वर्षापासून शिवणाचा तास दुसऱ्या बाईंकडं गेला आणि त्या तासाला अंबिकाबाई मुलींना कालव्यावर नेऊ लागल्या. पुढं पाण्याची बाटली धरलेला बन्सी चाले, आणि मागून पंचवीस मुली. कुणी अळी बघून किंचाळे, कुणी ओंजळीत धरून बाईंना विचारी, की हिला पाय किती आणि ही श्वास कुठून घेते.